अंगणवाडीतली रडारड

मोताळ्याजवळच्या आमच्या गावात मी अंगणवाडी सेविका आहे. आम्ही दोघी-तिघी सेविका जमलो की चहा निवतो, पण पोरांचे किस्से संपत नाहीत. ऐकणारे हसतात. घडतात तेव्हा मात्र मला पळता भुई थोडी होते!

*

नऊ महिन्यांची आरू कोणाकडेही जायची. पोरांची वजनं करायच्या एका दिवशी मात्र आमच्या सुपरवायझर मॅडमना पाहून किंचाळायलाच लागली!

आजी घाबरली. "नजर लागली वो पोरीले!"

"नाही आजी, आता तिला आपलं-परकं कळतंय. चांगलंच आहे."

मॅडमना वाटलं, चष्म्याला घाबरली. त्यांनी तो काढला. आरू दुप्पट किंचाळली!

"म्हणजे मी चष्म्यातच बरी दिसते!" मॅडम म्हणाल्या.

*

दोन वर्षांचा शौर्य आठवड्यात तीन पोरांना चावला. त्याची आई रडकुंडीला आली. "बाई, हा गुंड त नाही ना होणार?"

"राग बोलून सांगता येत नाही अजून, म्हणून चावतो. घरी कोणी चावतं का?"

"नाही वो! मीच काय ते लाडानं गालाले चावतो!"

*

परी पायरीवरून पडली. पडलेलं मूल आधी आपला चेहरा बघतं. म्हणून मी हसले. तीही हसणार, तेवढ्यात मदतनीस शोभाबाई ओरडल्या, "अगं माय वो!"

अख्खी अंगणवाडी रडायला लागली. परी सोडून!

*

दीड वर्षाच्या वेदूची आई संगीता दोन महिने खामगावला दवाखान्यात होती. तोवर वेदूला आत्यानं सांभाळलं. संगीता बरी होऊन घरी आली, हात पसरले, तर तो आत्याच्या मागे लपला.

"बाई, पोरगं मले विसरलं!"

"बळजबरी करू नका. नुसत्या जवळ बसत जा," मी म्हटलं.

ती रोज त्याला अंगणवाडीत घेऊन यायची, तासभर शेजारी बसायची. ती निघायची तेव्हा बाकीची पोरं आपापल्या आयांसाठी गळा काढत असायची. वेदू मान वर करायचा नाही. तीन आठवडे झाले. आपण चुकीचं तर नाही ना सांगितलं, या विचारानं मला जेवण जाईना.

एका सकाळी संगीतानं चपला घातल्या. वेदूच्या हातातला ठोकळा पडला. त्यानं दाराकडे पाहिलं आणि भोकाड पसरलं. "आई!"

मी त्याला उचलायला धावले, तर संगीतानं माझा हात धरला. तिच्या डोळ्यांना धार लागली होती.

"थांबा बाई... जरासं रडू द्या त्याले!"