दावाओच्या मागच्या गेटासमोरचं घर

आधीच सांगतो, भूतखेत, करणी, अंगात येणं, यातलं काहीही मी मानत नाही. आमच्या ऑफिसच्या दाराला दर शनिवारी लिंबू-मिरची बांधायला एक जण येतो, त्याला मी चहा पाजून तसाच परत पाठवतो. या ग्रुपवरचे भुताखेताचे अनुभव वाचतो ते जेवणाच्या सुट्टीत, टाइमपास म्हणून... आणि निम्म्या लिहिणाऱ्यांना मनातल्या मनात शिव्याही घातल्यात. आता मीच लिहायला बसलोय. हसायचं तर हसा.

मी शिरूरला एका कन्सल्टन्सीत काउन्सेलर आहे. एसटी स्टँडपासून पाच मिनिटांवर, खाली मोबाईलचं दुकान, वर आम्ही. आसपासच्या गावांतली पोरं-पोरी डॉक्टर व्हायला फिलिपाइन्सला पाठवायची, हे आमचं काम. आमच्याकडची बहुतेक दावाओ नावाच्या शहरात जातात. मी दावाओ कधी बघितलेलं नाही. दावाओ कशाला, मी अजून विमानात बसलेलो नाही.

आईबापांचा प्रश्न ठरलेला असतो — उद्या काही झालं तर आम्ही जायचं कसं, आन् राह्यचं कुठं? म्हणून मी दोन पानांचा मराठी कागद तयार केला होता. जाण्याचं त्यात सगळं खरं होतं. दौंडहून रेल्वेनं मुंबई. मुंबईहून सिंगापूर. तिथं विमान बदलायचं, पण मोठी बॅग घ्यायची नाही, ती आपोआप पुढं जाते. मग दावाओ. बाहेर आल्यावर रांगेतलीच टॅक्सी धरायची आणि ड्रायव्हरला कागदावरचं हॉस्पिटलचं इंग्रजी नाव दाखवायचं.

राहण्याचं मात्र मी ठोकून दिलं होतं. सुरुवातीला हॉटेलांची नावं टाकली होती, पण परमुलखात हॉटेल म्हटलं की आयांचे चेहरे उतरायचे आणि ॲडमिशन हातची जायची. मग एका दुपारी मी टाइप केलं — 'हॉस्पिटलच्या मागच्या गेटासमोर फणसाच्या झाडाखाली एक बैठं घर आहे. तिथं एक वयस्कर बाई एकट्या राहतात. खोली देतात, चुलीवर स्वयंपाक करू देतात. भाषा आली नाही तरी अडत नाही.' लिहिताना खरं वाटावं म्हणून मी ते घर डोळ्यासमोर आणलं होतं. हिरवा दरवाजा, पुढं तीन पायऱ्या, त्यातली पहिली तुटकी. हे दरवाजाचं आणि पायरीचं कागदावर लिहिलं नाही, नुसतं मनात होतं.

कागद चालला. 'तिथं एक बाई आहेत' म्हटलं की आया निर्धास्त व्हायच्या. कोण मरायला जातंय तिकडं, असं मला वाटायचं. आणि चार वर्षांत खरंच कुणी गेलं नाही.

गेल्या वर्षी दिवाळीच्या तोंडावर दावाओहून श्वेताचा फोन आला. श्वेता दौंडची, तिसऱ्या वर्षाला. तिची रूममेट प्रियांका, वडगाव रासाईची, डेंग्यूनं आयसीयूत होती. लिव्हरवर गेलं होतं. "सर, घरच्यांना पाठवा," एवढंच ती म्हणाली.

प्रियांकाला वडील नाहीत. घरात एकटी आई, तिला आम्ही सुमनमावशी म्हणायचो. मामा आहे, पण त्याचा पासपोर्ट नव्हता. मावशींचा होता, कारण ॲडमिशनच्या वेळी मीच मागं लागून काढायला लावला होता. मुंबईच्या पुढं कुणी सोबत नाही, इंग्रजीचं अक्षर येत नाही, आणि त्या बाई जायला तयार होऊन बसलेल्या. मी तिकिटं काढली आणि त्यांना दौंड स्टेशनला सोडायला गाडी घेऊन गेलो.

मुंबईपर्यंत सोबत जाणारा मामा पुढं बसला होता, मावशी मागं, मांडीवर माझा तो कागद. प्लॅस्टिकमध्ये घालून जपलेला. नदी ओलांडून दौंडच्या हद्दीत आलो तेव्हा म्हणाल्या, "सर, ह्या बाईंचं घर तुम्ही सोता बघून आलाय न्हवं?"

मी आरशात बघितलं. मामा पण माझ्याकडंच बघत होता.

"न्हाई म्हंजी," त्या म्हणाल्या, "माझा बाप मेंढरं घिऊन कोकणात उतरायचा. तवा आधी एक गडी म्होरं जायचा. पानी कुठाय, जागा कशी हाय, समदं बघून यायचा. त्यानं बघितलं म्हणला की मंगच बिऱ्हाड हालायचं. न बघता बघितलं म्हणनारा आमच्यात न्हाई कुनी."

तिथं खरं सांगायला पाहिजे होतं. मला ते कळतही होतं. पण लेक आयसीयूत असलेल्या बाईला, ट्रेनला पाऊण तास असताना, 'तुम्हाला थारा नाही' हे कसं सांगायचं? मी म्हणालो, "हो मावशी, बघून आलोय."

"मंग झालं," त्या म्हणाल्या आणि खिडकीतून ऊस बघत बसल्या.

स्टेशनवर मी चोरून एक हॉटेल बुक केलं, त्यांच्या मोबाईलवर पाठवलं, मामालाही सांगितलं की तिथली खोली भरलेली असली तर इथं जा म्हणावं. पुढचे दोन दिवस मी जेवलो, ऑफिसला गेलो, फोन घेतले, पण मला काही जाणवत नव्हतं. दाढ काढल्यावर गाल बधिर होतो ना, तसं सगळ्या अंगाला झालं होतं. हॉटेलला मेल केला. उत्तर आलं, गेस्ट आलेल्या नाहीत.

तिसऱ्या दिवशी दुपारी मावशींचा फोन.

"पोचले बगा सर. पोरीला बघितलं. डोळं उघडती मधनं मधनं. आन् त्या बाईंकडं उतरले. लई मायाळू हाय."

"कुठल्या बाईंकडं?"

"आता काय म्हनावं तुम्हाला! तुमच्या कागदातल्या. फनसाखाली. तेवढी पयली पायरी तुटकी हाय, म्या पडता पडता वाचले. आधी सांगायचं न्हाई का?"

समोर एक पालक फॉर्म भरत होते. मी त्यांना म्हणालो, जन्मतारीख दुसऱ्या रकान्यात घाला. घाबरलो का? नाही. खरं सांगतो, काहीच वाटलं नाही, आणि तेच मला अजून कसंतरी वाटतं.

दोन दिवसांनी सकाळी श्वेताला फोन करून मावशी कुठं राहतात ते विचारलं. ती म्हणाली, "काकू रोज सकाळी येतात सर. आंघोळ करून, डब्यात तांदळाची पेज घेऊन. मी पण खाल्ली, गरम होती. प्रियांकानं दोन चमचे घेतली. कुठं राहता विचारलं तर म्हणतात, हे काय, मागं." मी तिला मागच्या गेटाला जाऊन यायला सांगितलं. तिनं भर उजेडात फोटो काढून पाठवले. समोर पत्र्याचं कुंपण, आत गाड्यांचं पार्किंग. घर नाही. फणस नाही. तिनं वॉचमनलाही विचारलं, त्याला असलं घर माहीत नव्हतं.

"सर, मग काकू कुठं जातात?" ती म्हणाली. मी म्हणालो, तू अभ्यास कर.

सहाव्या दिवशी सकाळी प्रियांका गेली. एकवीस वर्षांची होती. ऑफिसात माझ्यासमोर, माझ्याच टेबलावर तिनं सही केली होती आणि 'सर, तिथं भात रोज खावा लागेल का' असं विचारून हसली होती. श्वेता पोचली तोवर तिला आंघोळ घालून झाली होती, केस पुसून विंचरलेले होते. कागदपत्रांना आठवडा गेला. मग पेटी मुंबईला आली आणि मावशी पेटीबरोबर आल्या. भीमेच्या काठावर सगळं उरकलं. मी मागं उभा होतो. मला रडू आलं नाही.

आता तुम्ही म्हणाल, बाई दुःखात होत्या, हॉस्पिटलच्या बाकड्यावर झोपल्या असतील, कुणी परक्या माणसानं पेज दिली असेल. मीही हेच म्हणत होतो. स्वतःला महिनाभर हेच सांगितलं. पण ती पायरी माझ्या डोक्याबाहेर कुठंच नव्हती, बायकोलासुद्धा मी कधी बोललो नव्हतो. त्या पायरीपुढं माझं सगळं डोकं थांबतं.

शेवटी राहवेना, म्हणून एका रविवारी वडगाव रासाईला गेलो. मावशी ओट्यावर ज्वारी पाखडत होत्या. मला बघून चहा टाकला. मी कप हातात घेतला आणि एका दमात सांगून टाकलं. "मावशी, मी तुमच्याशी खोटं बोललो. मी तिकडं कधी गेलेलो नाही. ते घर मी मनानं लिहिलं होतं, ॲडमिशन व्हावी म्हणून. श्वेतानं जाऊन बघितलं, तिथं घर नाही. तिथं कुणीच राहत नाही."

मला वाटलं, शिव्या देतील. सूप अंगावर फेकलं असतं तरी मी बसून राहिलो असतो. मला ते हवंच होतं, आता लपवायचं कशाला.

मावशींनी सूप खाली ठेवलं.

"आसं कसं म्हनता सर," त्या म्हणाल्या. "पोरगी गेली तवा नर्स पुढं झाली, म्या तिला हातानं न्हाई म्हणलं. माझ्या लेकीला माझी मी आंघुळ घालनार. पर म्या हात लावला आन् माझं हातपाय गळालं वो. पोरीची मानच उचलना. तवा ती बाई आली. तिनं मान धरली, म्या पानी घातलं. केस बी तिनंच पुसलं. येक शब्द बोलली न्हाई, पर समदं आपल्यावानी केलं."

मावशींनी सुपातला एक खडा वेचून बाजूला टाकला.

"मंग तिथं कुनी न्हवतं म्हनता, तर माझ्या पोरीची मान कुनी धरली?"

त्या भांडायला विचारत नव्हत्या. त्यांना खरंच माझ्याकडून जाणून घ्यायचं होतं, कारण तो कागद मी लिहिला होता. मी उत्तर शोधत बसलो. हातातला चहा निवला, आणि थोड्या वेळानं त्यांनी सूप पुन्हा उचललं.