सूर खाली राह्यला

अमरावतीत आमच्या शेजारी एक फिटर राहत. कापसाच्या जिनिंग कारखान्यातून आले की हातपाय धुऊन ओसरीवर गिटार घेऊन बसत. वाजवताना मान तिरपी करून लाकडाला कान लावायची त्यांना सवय होती.

एकोणीसशे साठ-एकसष्ट सालच्या सुमारास यंत्रात त्यांच्या डाव्या हाताची दोन बोटं गेली. मी भेटायला गेलो, पण खुंटीवरच्या गिटारीकडे बघायचं धैर्य होईना. तेच म्हणाले, "मास्तर, बोटं गेले, कान नाही गेले."

दोन महिन्यांनी त्यांनी मला बोलावलं. गिटार मांडीवर आडवी होती. तारांखाली पट्टी सरकवून त्या उंच केल्या होत्या. कारखान्यातली एक सळई त्यांनी घासून घासून गुळगुळीत केली होती. ती उरलेल्या बोटांत धरून ते तारांवरून फिरवू लागले.

"छान जमलं," मी घाईनं म्हणालो.

"खोटं नका बोलू. सूर खाली राह्यला. बसा, बरोबर लागन तवा सांगजा."

दिवेलागणीला सूर नेमका जागी लागला, तेव्हा मी सांगितलं. त्यांनी नुसती मान हलवली. त्यांना माझ्या आधीच कळलं होतं.