बिय्यात्तूच्या विहिरीवरचं मैदान

केरळातल्या मलप्पुरमकडच्या माणसाच्या हाती एकदा जेसीबी लागला की तो डोंगरालाही भीत नाही. उण्णीन तर त्यातला अर्कच. सौदीतल्या जेद्द्यात कोंबड्या भाजता भाजता त्याचं तरुणपण गेलं, गुडघा गेला, केसही गेले. फुटबॉल तेवढा डोक्यात शिल्लक राहिला. घराच्या खालच्या बाजूला चिकणमातीचं उतरतं अंगण होतं. वाडीतली पोरं तिथं अर्धा वेळ खेळायची आणि अर्धा वेळ घसरून पडायची. गावात दुसरी जागाच नव्हती. परत आल्यावर उण्णीननं ठरवलं, इथं टर्फ, म्हणजे नकली गवताचं मैदान घालायचं. आपण जन्मभर उतारावर खेळलो, ह्या पोरांनी तरी सपाटीवर खेळावं.

"गुडघा वाकत नाही आणि मैदान हवंय तुम्हाला," बायको सुहरा म्हणाली.

"मी गोलकीपर होतो. गोलकीपरला उभं राहता आलं की झालं."

सुहरानं कपाळाला हात लावला आणि कामगारांसाठी भाताचं मोठं पातेलं माळ्यावरून काढलं.

टर्फ बसवणारा जाबिर उण्णीनला थोरला भाऊ मानून इक्का म्हणायचा. पहिल्याच दिवशी तो म्हणाला, "इक्का, ह्या मातीत पाणी मुरत नाही. आधी खालच्या अंगाला जांभ्याची भिंत घालू. मग वरची माती कापून खाली भरू." उण्णीननं मान डोलावली. पण दुसऱ्या दिवशी शेजारच्या कामावरचा जेसीबी रिकामा उभा दिसला आणि त्याला धीर धरवला नाही. भिंत काय, उद्याही घालता येईल, म्हणून त्यानं उतार कापून घेतला. संध्याकाळी वळवाची सर आली आणि मोकळी माती खाली राहणाऱ्या म्हाताऱ्या शेजारणीच्या, बिय्यात्तूच्या अंगणात गेली, तिथून तिच्या विहिरीत.

दुसरी कुठली विहीर असती तर एवढं लागलं नसतं. उण्णीनच्या घराला पूर्वी पाणी नव्हतं. त्याच्या उम्मानं, आईनं, सगळा संसार ह्याच विहिरीच्या पाण्यावर केला. बाप गेला तेव्हा शेवटच्या आंघोळीचं पाणीही इथूनच आलं. बिय्यात्तूनं कधी एका शब्दानं ते बोलून दाखवलं नव्हतं. त्या विहिरीत आता माशाच्या कालवणासारखं लाल पाणी होतं.

तो खाली गेला. सत्तरी ओलांडलेली बिय्यात्तू काठाशी रिकामी बादली घेऊन उभी होती. मुलं कतारला, घरात ती एकटी. "उण्णीन," ती एवढंच म्हणाली, "चहा ठेवायचा होता रे." तिनं शिव्या घातल्या असत्या तर तो निभावून गेला असता.

"आधी विहीर," त्यानं जाबिरला सांगितलं.

"अहो, माझे टर्फचे रोल ट्रकवर पडलेत!"

"पडू देत."

मग जाबिरच लुंगी खोचून विहिरीत उतरला. पंप लावला, टोपल्या टोपल्या गाळ वर आला, काठाला नवा कठडा चढला. झरे मोकळे होईपर्यंत सुहरा आपल्या नळाच्या पाण्याच्या कळश्या खाली पोचवत राहिली.

भिंत उभी राहिली, पण खरी अडचण पुढंच होती. मैदानाखालून येणारं पाणी ओढ्यात सोडायला हवं होतं, आणि मध्ये सगळी जमीन बिय्यात्तूची. वाट मिळाली नाही तर पाणी भिंतीमागं साचून भिंतच एक दिवस खाली येईल, असं जाबिर म्हणाला. म्हणजे पुन्हा त्याच विहिरीवर.

विचारायचं कोणत्या तोंडानं? उण्णीन खाली गेला, ओसरीवर बसला, केळं खाऊन परत आला. दुसऱ्या दिवशीही तेच. मग बिय्यात्तूच म्हणाली, "माझा घड संपत आला. काय ते बोल एकदाचं."

तो खाली मान घालून बोलला. ती उठली, कुंपणाच्या कडेनं चालत गेली आणि काठीनं मातीत रेघ ओढली. "इथून ने पाइप. विहिरीपासून लांब, फणसाच्या पलीकडनं."

"इत्तात्ता," तो थोरल्या बहिणीला म्हणावं तसं म्हणाला, "मुलांना विचारायला नको?"

"जमीन माझी, विहीर माझी, तोंडही माझंच. पण एक अट आहे. वर थंड पाण्याचं मशीन ठेवायचं नाही. खेळून झालं की पोरांनी खाली येऊन माझ्या विहिरीचं प्यायचं. ह्या अंगणात पोस्टमनशिवाय माणूस फिरकत नाही रे."

उण्णीनला आभार मानावेत असं आतून वाटत होतं, पण जिच्या पाण्यावर आपण वाढलो तिचे आभार कोणत्या शब्दांत मानायचे, हे त्याला कुणी शिकवलं नव्हतं. त्यानं नुसती तिची काठी दोन्ही हातांनी धरली.

पावसाळ्यात काम थांबलं. ओणम झाल्यावर छिद्रांचे पाइप पुरले, खडीवर रोलर फिरला, बारीक कच दाबली, हिरवे रोल अंथरून सांधे चिकटवले. उण्णीननं पोटावर झोपून मैदान पाहिलं आणि ओरडला, "अरे, सपाट नाहीये हे!"

"पाणी जायला एवढा उतार लागतोच, इक्का. झोपून कोण खेळतंय?"

पोरं खेळू लागली. खाली बिय्यात्तूच्या अंगणात रोज संध्याकाळी गलका, आणि त्याच्याही वर तिचा आवाज, "हळू! बादली फोडाल मेल्यांनो!"

मग ऑक्टोबरअखेरीस, परतीच्या पावसाच्या दिवसांत, एका दुपारी आभाळ फाटलं. विजा, वारा, अख्ख्या टेकडीचं पाणी एकदम खाली. उण्णीन छत्री घेऊन निघाला, ती पहिल्याच झोतात उलटी झाली. मैदानाच्या कडेनंच तो उतरला, पण त्यानं तिकडं पाहिलंसुद्धा नाही. फणसाच्या पलीकडं पाइपाच्या तोंडातून लाल लोंढा ओढ्यात कोसळत होता. तो विहिरीशी पोचेपर्यंत सर ओसरली.

बिय्यात्तू डोक्यावर पोतं घेऊन तिथंच उभी होती. "ओढ," ती म्हणाली.

त्यानं बादली वर ओढली. पाण्यातून बादलीचा तळ स्वच्छ दिसत होता. ओंजळीनं तो प्यायला, पुन्हा प्यायला. "अल्हम्दुलिल्लाह," तो म्हणाला, आणि मग उम्मा आठवून कठड्याला टेकून लहान पोरासारखा रडला.

बिय्यात्तूनं त्याला रडू दिलं. मग म्हणाली, "झालं असेल तर वर जा आणि पोरांना पाठव. केव्हाची पेले मांडून बसलेय."