पाळकसाहेबांनी मिटलेली वही

“सही करायची न्हाई म्हंजी काय? मग तुम्ही पाळक कशाचे?” असा मी ओरडत होतो आणि दौंडच्या आमच्या देवळामागच्या खोलीतली तावदानं थरथरत होती. लोक म्हणतात मी वाढवून सांगतो. म्हणोत. रेल्वेच्या पार्सल ऑफिसात उभा जन्म इंजिनाच्या शिट्टीवर आवाज चढवून काढलेला माणूस मी. त्या वाक्यासरशी पलीकडच्या फलाटावरची मालगाडी सिग्नल नसताना थांबली, असं सांगणारे दोन हमाल अजून हयात आहेत. समोर शांतवन पारधे, आमचे पाळकसाहेब, माझे तीस वर्षांचे मित्र, शांतपणे चष्मा पुसत बसले होते. माझ्या सुहासिनीचं लग्न सहा आठवड्यांवर आलेलं, हॉल ठरलेला, आणि साहेब म्हणत होते, “उपासना मी घेईन, आशीर्वाद देईन. पण सरकारी वहीत सही करणार नाही. पुण्याला विवाह नोंदणीच्या कचेरीत आधी नोटीस द्या, महिन्यानं जाऊन सह्या करा, मग या. देवाचं तेवढं माझ्याकडे.”

साहेबांना जाऊन आता सात आठवडे झाले. दमलोय मी, खरं सांगतो.

ज्यांना आमची पद्धत ठाऊक नाही त्यांच्यासाठी सांगतो. आमच्यात, म्हणजे ख्रिस्ती मंडळीत, लग्न लावणाऱ्या पाळकाकडे सरकारचा परवाना असतो. तीन रविवार देवळात नावं वाचायची, कुणाची हरकत नसली की लग्न लावायचं, आणि वेदीवरून उतरलं की मागच्या खोलीत जाऊन लांबरुंद वहीत नवरानवरीनं आणि दोन साक्षीदारांनी सह्या करायच्या. खाली पाळकाची सही. नक्कल सरकारकडे जाते. देव आणि सरकार एकाच पानावर, एकाच पेनानं. बाकीच्या जगाला मांडवातून उठून नोंदणीसाठी वेगळा हेलपाटा घालावा लागतो, आम्हाला नाही, याचा मला केवढा तोरा! आणि नुसता तोरा नव्हे. माझ्या आजोबाला गावात कुणी आडनावानं हाक मारली नव्हती. त्याचं नाव, बापाचं नाव, आडनाव, असं सगळं ओळीनं पहिल्यांदा कागदावर आलं ते या देवळाच्या लग्नाच्या वहीत. पुढे बापाचं आलं, माझं आलं. आता माझ्या पोरीच्या वेळी ती वही मिटायची म्हणजे काय? हेच मी साहेबांना विचारलं, फक्त जरा मोठ्यानं. ते म्हणाले, “बाबूराव, एका माणसाच्या हातात दोन्ही किल्ल्या नसाव्यात.” कुठल्या किल्ल्या, कसल्या किल्ल्या, ते काही सांगेनात.

गेलो मग पुण्याला. एकदा नोटीस द्यायला, आणि महिन्यानं सह्यांना. आमच्या वहीत साक्षीदार दोन लागतात म्हणून मी ऐटीत दोनच नेले, एक माझा मेहुणा आणि एक व्याह्यांचा भाऊ. तिथला कारकून मान वर न करता म्हणाला, “तीन लागतात.” मी म्हटलं, “मीच की तिसरा, बाप हाय मी पोरीचा.” तर माझं आधारकार्ड घरी दुसऱ्या सदऱ्याच्या खिशात. शेवटी खालचा झेरॉक्सवाला वर आणला. त्याच्या हाताला काळी शाई लागलेली, त्यानं विचारलं, “नवरी कोण?” आणि केली सही. माझ्या एकुलत्या एका लेकीच्या लग्नाचा तिसरा साक्षीदार झेरॉक्सवाला! लेक मात्र हसत होती. “पप्पा, त्यांनाबी जेवायला बोलवा,” म्हणाली. बोलावलं, तो आलाही, आणि व्याह्यांच्या पाहुण्यांपेक्षा जास्त जेवला. दोन दिवसांनी देवळात साहेबांनी लग्नाची उपासना घेतली. इतकी सुंदर, इतकी सावकाश की माझी बायको ओक्साबोक्शी रडली. मी रडलो नाही. मागच्या खोलीकडे बघत राहिलो. तिचं दार त्या दिवशी उघडलंच नाही.

त्यानंतर मी त्यांच्याशी बोलणं टाकलं. देवळात पहिल्या बाकावरून शेवटच्या बाकावर गेलो, आणि तिथून गाणी त्यांच्यापेक्षा अर्धी ओळ पुढे म्हणायचो, मुद्दाम. मंडळीतल्या इतरांनाही पुण्याच्या खेपा घालाव्या लागल्या. कुणी शिव्या दिल्या, कुणी वर तक्रारी केल्या, कुणी लग्नं दुसऱ्या पाळकाकडून लावून घेतली. साहेब निवृत्त झाले, केडगावला बहिणीकडे राहायला गेले. नव्या पाळकांनी पहिल्याच महिन्यात वही उघडली. मी पेढे वाटले... आता ते आठवलं की तोंड कडू होतं.

चार वर्षांनी त्यांचा निरोप आला, येऊन जा. गेलो. खाटेवर माणूस नव्हता, घडी घातलेली चादर होती नुसती. मी म्हटलं, “लै वाळला हो साहेब.” ते म्हणाले, “तुमचा आवाज मात्र तसाच आहे, बाहेर रिक्षावाल्याशी भांडत होता तेव्हाच कळलं.” मग त्यांनी रूथचं सांगितलं.

सुहासिनीच्या लग्नाच्या आधीची गोष्ट. रूथ केडगावची, आमच्याच मंडळीतली. पहिला नवरा मारायचा, कोर्टानं तिला सोडवलं. पुढे केंदूरच्या ईश्वर नावाच्या सुताराशी तिनं लग्न करायचं ठरवलं. देवळाची कमिटी बसली. पहिला नवरा जिवंत आहे, देवळात दुसरं लग्न लावता येणार नाही, असं ठरलं. हात वर करणाऱ्यांत मी होतो, आणि माझा हात सगळ्यांत उंच होता. निर्णय सांगायला साहेबांनी तिला मागच्या खोलीत बोलावलं. ती म्हणाली, “मग आमचं लग्न व्हनारच न्हाई का?”

“मी म्हणालो, नाही होणार,” साहेब म्हणाले. “पुण्यात कचेरी आहे, तिथं कायद्यानं होईल, हे मला ठाऊक होतं, बाबूराव. पण वही माझ्यासमोर उघडी होती. मला वाटलं, मी नाही म्हटलं की संपलं. ती तशीच त्याच्या घरी नांदायला गेली. लग्नावाचून राहते म्हणून आपण तिला देवळातल्या प्रभुभोजनातून काढलं. एवढं एक वाक्य मी बोललो असतो तर...”

मला तेव्हा दोन किल्ल्यांचं कळलं, एक देवाची आणि एक सरकारची. निघताना ते म्हणाले, “तुम्ही तिला सांगाल? मला केंदूरपर्यंत जाववत नाही. म्हणावं, शांतवन पारधे चुकला.” मी हो म्हटलं.

आणि गेलो नाही. या आठवड्यात पाहुणे, पुढच्या आठवड्यात दाताचा डॉक्टर. खरं कारण, मला त्या बाईच्या तोंडासमोर उभं राहायचं नव्हतं. शिरूरला लेकीकडे जेवायला बसलो होतो तेव्हा फोन आला, साहेब गेले. सुहासिनीनं फोन ठेवला, माझ्या ताटातली भाकरी झाकून ठेवली आणि म्हणाली, “चला, मी गाडी काढते.” दफनाला अख्खं केडगाव लोटलं होतं. या वेळी वाढवून सांगत नाही. वही मिटली म्हणून ज्यांनी शिव्या दिल्या, तेच लोक माती द्यायला पुढे होते. मीही होतो.

गेल्या आठवड्यात केंदूरला गेलो. ईश्वर सुतार गेल्या वर्षीच वारला, हे वाटेत चहाच्या टपरीवर कळलं. रूथबाई अंगणात शेंगा सोलत बसल्या होत्या. साठी उलटलेली बाई. त्यांनी मला ओळखलं, पाणी दिलं. मी सगळं सांगितलं, साहेबांची खाट, ती कचेरी, न बोललेलं वाक्य, अगदी माझा वर केलेला हातसुद्धा. इतका हळू मी कधी बोललो नसेन. शेवटी म्हटलं, “बाई, तवा तुमाला ठाऊक असतं, तर तुमचं लग्न झालं असतं. साहेबांनी माफी मागितलीय.”

रूथबाईंनी हातातली शेंग सोलून पुरी केली.

“सह्या आमी त्याच साली केल्या की, पुण्यात जाऊन,” त्या म्हणाल्या. “देवळातनं तेवढं कुणी इचारलं न्हाई, का आशीर्वादाला बोलावलं न्हाई.”