फिकट रेघ

“सासुरवाडी कोणती?”

रक्त द्यायला आलेल्या प्रत्येक ड्रायव्हरला मॅडम आधी हे विचारायच्या. तेही सुई हातात धरून.

हिंगोलीतल्या एका खाजगी लॅबमध्ये त्या तंत्रज्ञ होत्या आणि मी त्यांच्या हाताखाली. ठेकेदार ड्रायव्हर कामावर ठेवण्याआधी आमच्याकडे पाठवायचे. गांजा, अफू, नशेच्या गोळ्या यांचा अंश रक्तात आहे का, ते आम्ही बघायचो. नशा करणारा स्वतः येत नाही, भावाला पाठवतो, हा मॅडमचा पक्का समज. पूर्वी त्या बायकोचं नाव विचारत. पण आपल्याकडचे भले भले बाप्ये बायकोचं नाव घ्यायला लाजतात, त्यामुळे त्यांना सगळेच चोर वाटायला लागले. म्हणून मग सासुरवाडी.

हसू नका. कनेरगाव नाक्याच्या एकाने मोठ्या डौलात सांगितलं, “वहिनीचं माहेर औंढ्याकडं हाय.” मॅडमनी सुई खाली ठेवली आणि म्हणाल्या, “जा, आता भावाला घेऊन ये.”

अशी संशयी माणसं तुम्हीही पाहिली असतील. पण मी लागले त्या महिन्यात मॅडमनी जे केलं, ते कुणी करणार नाही. एका नळीचा रिपोर्ट न्यायला कुणी येईचना. मी चौकशी केली, तर शांतपणे म्हणाल्या, “ते माझंच रक्त हाय. तू खरंच तपासतीस का बसल्या जागी लिहितीस, ते बघून राहिले होते.” मला भयंकर राग आला. त्यांना काही बोलले नाही. घरी जाऊन नवऱ्यावर काढला.

आमची तपासणी पट्टीवर व्हायची. रक्तातलं पाणी वेगळं करून त्याचे थेंब पट्टीवर टाकायचे. वरची रेघ उमटली की पट्टी चांगली. खालची उमटली तर माणूस स्वच्छ, नाही उमटली तर संशय. ऐकायला उलटं वाटतं, पण तसंच आहे. आणि रेघ कितीही फिकट असली तरी ती रेघच धरायची. संशय आला तर मोठ्या शहरात यंत्रावर पक्की तपासणी करून घ्या, असं आम्ही कागदावर लिहायचो. ठेकेदार कशाला तेवढं थांबतात? आमचा कागद बघूनच माणसाला घरी बसवायचे.

एकदा वसमतचा एक ड्रायव्हर आला, शाळेची गाडी चालवणारा. मॅडमनी त्याची पट्टी खिडकीशी नेली. चष्मा काढला, पुसला, परत घातला. मग माझ्याकडे न बघता म्हणाल्या, “तुला काय दिसून राहिलं?”

इतक्या दिवसांत त्यांनी मला पहिल्यांदाच काही विचारलं होतं.

“रेघ आहे, मॅडम. फिकट आहे, पण आहे.”

“मला न्हाई दिसत,” त्या म्हणाल्या आणि स्टुलावर बसल्या.

दुसऱ्या पट्टीवरही तेच झालं. तो माणूस स्वच्छ म्हणून हसत गेला. मॅडम मात्र उठून फ्रीजरकडे गेल्या. प्रत्येक नमुन्यातला अर्धा राखून ठेवायचा, हा शिरस्ता त्यांनीच पाडलेला. गेल्या काही महिन्यांत त्यांनी चौघांवर संशय लिहिला होता. ते चारही नमुने नव्या पट्ट्यांवर टाकून त्यांनी माझ्याकडून वाचून घेतले. तिघांच्या पट्टीवर रेघ नव्हती. चौथ्याच्या पट्टीवर होती.

लॅबचे मालक म्हणाले, “मिटलं ते मिटलं. कोण विचारायला येतंय?” मॅडमनी ऐकलं नाही. ‘वाचण्यात माझी चूक झाली’ असं सही करून लिहिलं, एक कागद ठेकेदाराला पाठवला आणि दुसरा घेऊन त्या चौथ्या ड्रायव्हरला शोधत वारंगा फाट्याला निघाल्या. मला सोबत नेलं.

तो माणूस फाट्यावर पंक्चर काढत होता. हात पुसून त्याने कागद दोनदा वाचला.

“मी तवाच म्हणलो होतो मॅडम, मी न्हाई घेत. बायकोनं बी माझं न्हाई ऐकलं, तुमच्या कागदाचं ऐकलं. लेकरं घेऊन गेली.”

“मी येते तिच्याकडं. मी सांगते.”

“आता काहून?” तो म्हणाला. “आता ती म्हणंल, पैसे देऊन लिहून आणलं.”

त्याने कागदाची घडी घातली, खिशात ठेवली आणि परत चाकाशी बसला. मला त्या वेळी त्याच्यापेक्षाही मॅडमची जास्त दया आली, हे खरं सांगते.

त्यानंतर मॅडम लॅबमध्ये आल्या नाहीत. मोतीबिंदू काढला, आता सगळं लख्ख दिसतं, असं त्यांची मुलगी सांगते. मालकांनी दोनदा बोलावलं. त्या नाही म्हणाल्या.

मला मात्र फाट्यावरची ती दुपार आठवते. समोर बस येऊन थांबली. मॅडमनी पाटीकडे पाहिलं, मग माझ्याकडे.

“कुठली हाय गं?”

“हिंगोली,” मी म्हणाले.

त्या चढल्या. कंडक्टरला विचारलंसुद्धा नाही.