बिनफोटोचा फ्लेक्स

माझा धंदा माणसांची तोंडं मोठी करून खांबाला टांगायचा. विजापूर वेशीजवळ माझं फ्लेक्सचं दुकान आहे. वाढदिवस, नियुक्ती, जयंती, नाहीतर भावपूर्ण श्रद्धांजली. यापलीकडे आमच्या सोलापुरात माणसाला काही होतच नाही. वर गॉगल लावलेले एक दादा, खाली शुभेच्छुक म्हणून गल्लीतली झाडून सगळी पोरं, आणि त्यातल्या एखाद्याचं तोंड जरा बारीक आलं की दुसऱ्या दिवशी दुकानात भांडण. माझं नाव राजशेखर, पण सगळे अण्णा म्हणतात. माझं डोकं लवकर तापतं हेही सगळ्यांना ठाऊक आहे.

दिपक पहिल्यांदा आला तेव्हाही ते तापलेलंच होतं. बाबासाहेबांची जयंती नुकतीच झालेली, लोकांच्या उधाऱ्या राहिलेल्या, आणि हा किडकिडीत पोरगा येऊन म्हणतो, "अण्णा, छोटा फ्लेक्स पायजे. त्यावर फकस्त 'अभ्यासिका' लिवायचं."

"आणि फोटो कुणाचा?"

"कुणाचाच न्हाय."

"खाली नावं?"

"नावं पण नकोत. 'आत शांतता ठेवा' एवढं टाका की."

बिनफोटोचा फ्लेक्स मी जन्मात छापला नव्हता. म्हणालो, "का बे, तुमच्या वस्तीत सगळे तोंड लपवून राहतात काय?" तो हसला, पण जागचा हलला नाही. शेवटी दुसऱ्या कामातून उरलेल्या तुकड्यावर छापून दिला आणि घालवला एकदाचा. पुढं तो रोज संध्याकाळी दुकानावरून जाताना हात करायला लागला, आणि एखाद्या दिवशी दिसला नाही तर मलाच चुकल्यासारखं व्हायला लागलं.

त्याची वस्ती माझ्या दुकानाच्या मागंच. वडील तो लहान असतानाच गेले. आई मीनाबाई टॉवेलच्या कारखान्यात शिलाईला. आई कामावर गेली की पोरगं शेजारच्या सिद्रामकाकांकडे. सिद्रामकाका एसटीच्या वर्कशॉपमधून निवृत्त झालेले, वस्तीच्या पंचांतले, शब्दाला वजन असलेले गृहस्थ. त्यांनी दिपकला आपल्या ताटात जेवायला बसवलं, शाळेत नेऊन घातलं, कॉलेजात धाडलं. रक्ताचं नातं काही नाही. तरी 'कुणाचा बे तू?' असं कुणी विचारलं की दिपक आईच्या आधी काकांचं नाव सांगायचा.

बी.ए. होऊन तो आईच्याच कारखान्यात पॅकिंगला लागला. अभ्यासिकेचं वेड मात्र त्याच्या डोक्यात शिरलं ते काकांच्या घरात. काकांची मुलगी प्रतिक्षा सरकारी परीक्षांची तयारी करत होती. पोरगी हुशार, पण घर एका खोलीचं. तिथंच टीव्ही, तिथंच शिलाईचं मशीन, तिथंच पंचांची उठबस. ती कानात कापूस घालून जिन्यात बसायची. वस्तीत घरोघरी अशी एकेक पोर होती. दिपकनं बरोबरीची काही पोरं जमवली, जयंतीच्या बैठकीत उभा राहिला आणि म्हणाला, एक वर्ष डॉल्बी नको, त्या वर्गणीत एक खोली भाड्यानं घेऊ. पोरं अंगावर धावून आली. तेव्हा सिद्रामकाका उठले. "बाबासायबांचा फोटो घिऊन दरसाल नाचतोय आपण," ते म्हणाले, "यंदा पुस्तक पण उगडून बगू की." विषय तिथंच मिटला.

अशी ती खोली झाली. मी एकदा उगाच बघायला गेलो. पोरापोरींनी पाळ्या लावून घेतल्या होत्या. कुणी कुलूप उघडायचं, कुणी झाडायचं, कुणी लहानांचा अभ्यास घ्यायचा, सगळं रविवारी गोल बसून ठरायचं. दिपक सांगायचा कमी आणि विचारायचा जास्त. प्रतिक्षा दहावीच्या मुलींना गणित शिकवायची, आणि त्या गेल्या की खिडकीजवळच्या बाकावर स्वतःचं पुस्तक काढायची. वस्तीतल्या मोठ्या माणसांपैकी आत कुणी पाऊल टाकत नसे. सिद्रामकाकासुद्धा रोज यायचे, दाराबाहेरच्या चपलांकडे बघायचे, पोरं भरपूर आलीत म्हणून समाधानानं मान हलवायचे आणि परत जायचे. मला त्या पोरांचा हेवा वाटला. आमच्या तरुणपणी आम्ही फक्त ढोल बडवले.

पुढच्या जयंतीला डॉल्बी परत आला. खोलीचं भाडं पोरं आपापल्या पगारातून भरायला लागली, आणि नेमक्या कारखान्यातल्या पाळ्या कमी झाल्या. त्या सुमारास आमच्या भागातले एक भावी नगरसेवक पुढं आले. भाडं मी देतो म्हणाले, फक्त दारावर माझा फोटो आणि अभ्यासिकेला माझ्या वडलांचं नाव. मी दिपकला म्हणालो, "घे की बे. वर तोंड लागलं म्हणून खाली अभ्यास थांबतोय काय?"

"फोटोवर भागत न्हाय अण्णा," तो म्हणाला. "उद्या सभा असली की पोरं त्यांच्या खुर्च्यांवर नेऊन बसवावी लागतील. आमचं आमी ठरवतो, तेवढंच हाय आमच्यापाशी."

मग त्याला कुणीतरी पुण्यातल्या एका ट्रस्टचं सांगितलं. तरुणांनी स्वतः चालवलेल्या संस्थांनाच ते मदत करत. कागदपत्रं झाली, फोन झाले, आणि निवेदिता नावाच्या बाई प्रत्यक्ष बघायला येणार असं ठरलं. बाईंनी फोनवर बजावून सांगितलं होतं, "दिपक, मी फक्त येऊन बसणार. रोज जसं चालतं तसं चालू द्या. काहीही करू नका." मदत मिळाली तर खोली राहील, नाही मिळाली तर महिनाअखेर मालकाला किल्ली, इतकं ते सरळ होतं.

आता काहीही करू नका हे वाक्य सोलापुरात कुणाला सांगून उपयोग आहे का? पुण्याहून पाहुणा येणार, आणि त्याला चहावर परत पाठवायचं? सिद्रामकाका माझ्या दुकानात आले ते नवं धोतर नेसूनच. "अण्णा, मोठा फ्लेक्स. 'हार्दिक स्वागत'. बाईंचा फोटो मोबाईलवर हाय. खाली पंचांचे टाका, अन् तुमचा पण." पंचांनी आपापल्या खिशातून वर्गणी काढली होती. सोलापुरी चादर आणली होती, हार सांगितला होता, मंडप सांगितला होता. दिपक त्यांच्या मागं उभा होता. मी त्याच्याकडे बघितलं. त्यानं मान खाली घातली.

काका गेल्यावर मी त्याला झापलं. "सांग की त्यांना, बाई काय म्हणाल्या ते."

"सांगितलं की. ते म्हणाले, पाहुणे असंच म्हणत्यात, आपण ऐकायचं नसतं." मग म्हणाला, "किती खूश हायत बघा अण्णा. आमच्यासाठी एवढं कोण करतंय?"

कार्यक्रमाच्या दिवशी मी गेलो, कारण फ्लेक्सवर मीही 'ज्येष्ठ उद्योजक' होतो. नाकापेक्षा मोती जड म्हणतात ते त्या दिवशी डोळ्यांनी बघितलं. खोलीतले बाक बाहेर काढून मंडपात पाहुण्यांसाठी मांडले होते. पुस्तकं पोत्यांत भरून कोपऱ्यात सारली होती, कारण बायकांना स्वयंपाकाला जागा हवी होती. अभ्यासिकेत शेगडी पेटली होती, भाताचं पातेलं चढलं होतं, शेंगाचटणीचा खमंग वास सुटला होता. माझा जुना फ्लेक्स काढून दाराशी पायपुसणं केलं होतं. स्टेजवर सगळे पंच. अभ्यासिकेची पोरं पाण्याचे ग्लास फिरवत होती, आणि प्रतिक्षा नवी साडी नेसून बाईंना द्यायची फुलं घेऊन उन्हात उभी होती. भाषणांमागून भाषणं झाली. बाईंना चादर पांघरली. बाई चांगल्या होत्या हो, हसतमुखानं सगळं सोसलं त्यांनी.

जेवणाआधी त्यांनी विचारलं, "अभ्यासिका कुठं आहे?" दिपकनं पातेल्याकडे बोट दाखवलं. बाई दारात उभ्या राहिल्या. मागं सिद्रामकाका, पंच, मी. बाईंनी अगदी हळू विचारलं, "दिपक, इथले निर्णय कोण घेतं?"

प्रश्न साधा होता. उत्तर त्या पोराला पाठ होतं. रविवारच्या त्या गोल बैठका तोच तर चालवायचा. पण ज्या माणसाच्या ताटात जेवून मोठं झालो तो पाठीशी उभा असताना 'मी' आणि 'आम्ही' म्हणायचं वळण आमच्याकडे कुठल्याच चांगल्या घरात नाही. दिपकनं वळून काकांकडे बघितलं आणि म्हणाला, "काका हायत की. मोठी माणसं ठरवत्यात, आमी फकस्त करतो."

काकांच्या डोळ्यांत पाणी आलं. त्यांनी त्याच्या पाठीवर हात ठेवला. बाईंनी काहीतरी टिपून घेतलं.

बाईंचा फोन आला तेव्हा दिपक माझ्या दुकानात होता. "मी समितीपुढे भांडले," त्या म्हणत होत्या, "पण आमचा निकषच तो आहे. निर्णय तरुणांनी घेतलेले हवेत. तू स्वतःच सांगितलंस ना मला." मी त्याच्या हातातून फोन ओढून घेतला. "बाई, पोरगं खोटं बोललं तुमच्याशी. मोठी माणसं तिथं पाऊल टाकत नाहीत." मग त्या म्हणाल्या, "आता निर्णय झालाय हो. पुढच्या वर्षी परत अर्ज करू दे त्याला."

फोन ठेवल्यावर दिपक म्हणाला, "मी खोटं न्हाय बोललो अण्णा. त्या बैठकीत काका उठले नसते तर खोली झाली असती का?"

दोन्ही खरं होतं. कसल्या कसल्या रकान्यांत बसवतात ही माणसं दुनिया, आणि आमचं पोरगं नेमकं दोन रकान्यांच्या मधल्या रेघेवर उभं.

"काकांना सांगू नका," तो म्हणाला. "त्यांच्यामुळं गेलं असं त्यांना वाटलं तर ते जेवायचे न्हाईत."

मी शब्द दिला. काकांना त्यानं सांगितलं, पुण्याचेच पैसे संपले, पुढल्या साली बघू म्हणाले. किल्ली मालकाकडे गेली. खोलीत आता गाद्यांचं गोदाम आहे. पुस्तकांची पोती माझ्या दुकानाच्या माळ्यावर आली. पोरं पांगली, कुणी मोटारसायकलवर घरोघरी जेवण पोचवतं, कुणी परत डॉल्बीमागं. प्रतिक्षा पुन्हा जिन्यात बसायला लागली. परीक्षा थोडक्यात हुकली. मग केम गावचं स्थळ आलं. मुलगा चांगला, रेल्वेत कंत्राटावर. काका म्हणाले, घरात बसून तरी काय करणार. लग्नाच्या आधी ती दुकानात आली, माळ्यावरच्या पोत्यांतून स्वतःची दोन पुस्तकं शोधून काढली, पदराखाली घेतली आणि थोड्या वेळानं परत येऊन ठेवून गेली. "तितं कुटं ठेवू, अण्णा?" एवढंच म्हणाली.

त्या लग्नात दिपकनं पंगतीत वाढलं. सगळ्यांना आग्रह केला, स्वतः जेवला की नाही कुणाला ठाऊक नाही. नंतर तो चाकणला कंपनीत गेला. कधी फोन करतो. सगळ्यांची चौकशी करतो, अभ्यासिकेची करत नाही. मला त्याची फार आठवण येते. माझ्या दुकानात रोज इतकी तोंडं छापली जातात, पण वाट बघावी असं ते एकच होतं.

परवा सिद्रामकाका आले. थकलेत आता. खुर्चीवर बसले, पाणी प्याले आणि म्हणाले, "अण्णा, पुन्याच्या बाई पुढल्या साली बघू म्हणल्या होत्या न्हवं? साल भरत आलं की."

मी पंख्याचं तोंड त्यांच्याकडे वळवलं.

"लई इचार केला मी. मागल्या टायमाला आपलंच कायतरी कमी पडलं. फेटा ऱ्हायला बगा. बाईमानसाला कसा बांदायचा म्हनून आमी कचरलो. आता बांदतो. फ्लेक्स पण मोटा करा. प्रतिक्षाला केमहून बोलवून घेतो, फुलं तीच दील. दिपकला पण रजा काडून यायला सांगतो, पाहुण्यास्नी पाणी द्यायला घरचं मानूस पायजे."

तोंडापर्यंत आलं होतं माझ्या. माझ्यासारखा तापट माणूस, कुणाची भीडभाड न ठेवणारा. पण त्या पोराला शब्द दिला होता, आणि समोर तो म्हातारा आपण कुठं कमी पडलो ते शोधत बसला होता. मी कॉम्प्युटरवर जुना 'हार्दिक स्वागत' उघडला आणि विचारलं, "तारीख काय टाकू?"

"ती मोकळी ठेवा," काका म्हणाले. "बाईंचा फोन आला की लिवू."

जाताना त्यांनी खिशात हात घातला. मी नको म्हणालो. त्यांना भरून आलं. "तुमची पण मदत झाली म्हणा की संस्थेला," ते म्हणाले, आणि जय भीम करून पायऱ्या उतरून गेले.