पोत विझेपर्यंत

तेलात भिजलेल्या चिंधीचा जळका वास आला की तामलवाडीतलं ते अंगण आठवतं. देवीची गाणी गाणाऱ्या एक आराधीण मावशी त्या दिवशी जोगवा मागायची परडी सुनेच्या हाती देऊन गाणं कायमचं थांबवणार होत्या. शेवटचं गाणं हातातला चिंध्यांचा पेटता पोत विझेपर्यंत म्हणायचं, असा त्यांचा नेम. ते रेकॉर्डिंगमध्ये भरून घ्यायला मी आवाजाचा मिक्सर नि लॅपटॉप नेला होता, पण मिक्सर लॅपटॉपला जोडायची वायर घरीच राहिली, म्हणून फोनच्या चार्जरची लावली. मिक्सरचा लाल दिवा लागला, पण लॅपटॉपला मिक्सर दिसेना. "मावशी, जरा थांबता का?" "पोत पेटलाय लेकरा, त्यो थांबतोय व्हय?" म्हणत त्यांनी सूर धरला. मी वायर काढली, फुंकली, दुसऱ्या भोकात खुपसली, लॅपटॉप बंद करून चालू केला. फोन तर चार्जिंग संपून केव्हाच मेला होता. पोत विझला. "झालं का रं भरून?" त्यांनी घाम पुसत विचारलं. मी वायर गुंडाळायला लागलो. परतीच्या एसटीत तीच वायर लॅपटॉपमधून फोनला लावली, तर फोन मुकाट्यानं चार्ज व्हायला लागला. त्या वायरीतून नुसती वीजच जात होती, आवाज जातच नव्हता. आज इतक्या वर्षांनी त्या वासासरशी गाण्याची एखादी तरी ओळ आठवावी म्हणून डोळे मिटतो, तर समोर येतो तो मिक्सरचा लाल दिवा.